ओबामांचा जन्म केनियात झाला हा दावा कसा तपासायचा

प्रश्न असा आहे: बराक ओबामांचा जन्म हवाईत नव्हे, केनियात झाला आणि व्हाइट हाउसने २०११ साली जाहीर केलेला जन्मदाखला संगणकावर जुळवलेला आहे, असं सांगणारा व्हिडिओ पुन्हा फिरतो आहे. त्यात दाखल्याची पीडीएफ उघडून तिचे थर एकेक करून बाजूला काढून दाखवले आहेत. थर तर डोळ्यांना दिसतात. मग दावा खोटा कशावरून, आणि तपासायचं तर सुरुवात कुठून करायची?

थर खरे आहेत, त्याबद्दल वाद नाही. ते कशामुळे पडले ते पुढे सविस्तर सांगतो. पण तपासणी तिथून सुरू केली की वाट चुकते. जन्माच्या नोंदीची शहानिशा करताना आधी बघायचं की मूळ नोंद कुणाच्या ताब्यात आहे आणि तो ताबेदार लेखी काय सांगतो. मग त्याच काळात दुसऱ्या कुणी, स्वतःच्या कामासाठी, काय लिहून ठेवलं ते. मग विरुद्ध बाजूने पुढे केलेले कागद. पडद्यावरचं चित्र सर्वांत शेवटी, कारण पुरावा म्हणून तेच सर्वांत कच्चं. व्हिडिओत हा क्रम उलटा केलेला असतो: चित्रावर वीस मिनिटं आणि नोंदवहीवर एक वाक्यही नाही.

आधी जन्मस्थळाला एवढं महत्त्व का, ते बघू. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष ‘जन्मजात नागरिक’ असावा लागतो. आपल्याकडे कलम ५८ नुसार राष्ट्रपती भारताचा नागरिक असला की पुरे, जन्म कुठे झाला ते विचारलं जात नाही, म्हणून हा वाद आपल्याला परका वाटतो. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिक होतं आणि परदेशी आईबापांच्या मुलालाही ते लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात सांगितलं. हवाई २१ ऑगस्ट १९५९ ला राज्य झालं, म्हणजे ओबामांच्या जन्माच्या जवळपास दोन वर्षं आधी.

‘आई अमेरिकी होती, मग जन्म कुठेही झाला तरी काय फरक पडतो?’ असं अनेक जण विचारतात. पडत होता. त्या वेळी लागू असलेल्या १९५२ च्या कायद्यानुसार, परदेशात जन्मलेल्या मुलाचा एकच पालक अमेरिकी असेल तर त्या पालकाने जन्मापूर्वी दहा वर्षं अमेरिकेत काढलेली असावी लागत आणि त्यातली पाच वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. ओबामांची आई अ‍ॅन डनहॅम यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९४२ चा. ४ ऑगस्ट १९६१ ला त्यांना एकोणीस पूर्ण व्हायला जवळपास चार महिने बाकी होते, म्हणजे चौदानंतरची पाच वर्षं भरतच नव्हती. आईबापांचं लग्न वैध धरलं तर दावा इथे कायद्याच्या खऱ्या फटीवर बोट ठेवतो. जन्म खरोखरच केनियात झाला असता तर प्रश्न गंभीर होता. म्हणून दावा हसण्यावारी न नेता तपासायचा.

आता नोंद. दाखल्यावरचा मजकूर असा: जन्म ४ ऑगस्ट १९६१, संध्याकाळी ७ वाजून २४ मिनिटं; स्थळ होनोलुलूमधलं कापिओलानी मॅटर्निटी अँड गायनेकॉलॉजिकल हॉस्पिटल; आई १८ वर्षांची, जन्म कॅन्ससमधल्या विचिता शहरात; वडील २५ वर्षांचे, विद्यार्थी, जन्म केनिया; पत्ता ६०८५ कालानिआनाओले हायवे; नोंद ८ ऑगस्ट १९६१. जन्म आणि नोंद यांत चार दिवसांचं अंतर. चार दिवस हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

या नोंदीच्या दोन वेगळ्या नकला वेगळ्या वेळी बाहेर आल्या आणि अर्धा गोंधळ त्यातून झाला. जून २००८ मध्ये ओबामांच्या प्रचार कार्यालयाने आखूड नक्कल प्रसिद्ध केली. हवाईच्या आरोग्य खात्याने २००१ मध्ये नोंदी संगणकावर नेल्या. त्यानंतर अर्ज केला की संगणकातून छापलेला, मोजके रकाने असलेला दाखला मिळे. एप्रिल २०११ मध्ये आली ती लांब नक्कल, म्हणजे मूळ नोंदवहीतल्या पानाची सही-शिक्क्यानिशी प्रत. आपल्याकडे नगरपालिकेतून संगणकाचा जन्मदाखला मिळतो आणि जात पडताळणीसाठी मात्र जुन्या कोतवाल बुकातल्या नोंदीची नक्कल काढावी लागते, तसाच हा फरक. दोन्ही कागद कायदेशीर. एक नोंदीचा उतारा, दुसरी पानाची प्रतिमा.

आखूड नक्कल प्रसिद्ध करताना प्रचार कार्यालयाने एक चूक केली: दाखल्याचा क्रमांक काळा करून टाकला. दाखल्याच्या तळाशी छापलेलंच होतं की फेरफार केल्यास दाखला रद्द समजावा. शिवाय स्कॅनमध्ये उठावाचा शिक्का दिसत नव्हता आणि निबंधकाची सही मागच्या बाजूला होती. शंकेखोरांना एवढं पुष्कळ झालं. ऑगस्ट २००८ मध्ये फॅक्टचेक डॉट ऑर्ग या संस्थेच्या लोकांनी शिकागोत जाऊन तो कागद हाताळला आणि शिक्का, मागची सही, न झाकलेला क्रमांक या सगळ्यांचे जवळून फोटो प्रसिद्ध केले. कागदाची तपासणी अशी करतात: कागद समोर ठेवून, तिरप्या उजेडात, पुढून-मागून.

तरीही नकलेपेक्षा मूळ नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याचं म्हणणं जास्त मोलाचं. हवाईच्या आरोग्य खात्याच्या तेव्हाच्या संचालक डॉ. चियोमी फुकिनो यांनी ३१ ऑक्टोबर २००८ ला जाहीर केलं की राज्याच्या धोरणानुसार जपलेली ओबामांची मूळ नोंद आपण स्वतः पाहिली आहे. २७ जुलै २००९ ला त्यांनी पुन्हा, जास्त स्पष्ट शब्दांत, जन्म हवाईतच झाल्याचं निवेदन दिलं. त्या काळात हवाईच्या गव्हर्नर लिंडा लिंगल होत्या, रिपब्लिकन पक्षाच्या. म्हणजे ही साक्ष ओबामांच्या विरोधी पक्षाच्या प्रशासनाची. २०११ मध्ये ओबामांनी विशेष विनंती केली, तेव्हाच्या संचालक लोरेटा फडी यांनी अपवाद म्हणून लांब नकलेला मंजुरी दिली, ओबामांच्या वकील होनोलुलूला जाऊन दोन प्रमाणित प्रती घेऊन आल्या आणि २७ एप्रिलला दाखला जाहीर झाला. एवढ्यावरही भागलं नाही म्हणून मे २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (म्हणजे त्या राज्याच्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी) केन बेनेट यांनी आणि त्याच वर्षी कॅन्ससचे क्रिस कोबाख यांनी हवाईकडे अधिकृत पडताळणी मागितली. दोघेही रिपब्लिकन. राज्य निबंधक अल्विन ओनाका यांनी लेखी कळवलं की जन्म होनोलुलूत झाल्याची नोंद आहे. बेनेट यांना तर व्हाइट हाउसच्या प्रतीतली माहिती मूळ नोंदीशी जुळत असल्याचंही कळवलं.

पीडीएफचा प्रश्न खरं तर इथेच सुटतो. समजा, चित्रात कुणी हजार खाडाखोडी केल्या असत्या, तरी मूळ वही ज्याच्या कपाटात आहे तो माणूस ‘जुळतं’ असं सही करून लिहून देतो, तेव्हा जन्म कुठला याचं उत्तर चित्रावर अवलंबून राहत नाही. दावा टिकवायचा तर मग आरोग्य खात्यातली १९६१ ची वहीच खोटी म्हणावी लागते. तसं म्हणणाऱ्याने सांगावं लागतं की ती कधी, कुणी आणि कशासाठी खोटी केली.

म्हणून आता १९६१ सालचे दुसरे कागद. ‘होनोलुलू अ‍ॅडव्हर्टायझर’च्या १३ ऑगस्ट १९६१ च्या अंकात आणि दुसऱ्या दिवशी ‘होनोलुलू स्टार-बुलेटिन’मध्ये जन्मांच्या यादीत एक ओळ आहे: श्री. व सौ. बराक एच. ओबामा, ६०८५ कालानिआनाओले हायवे, मुलगा, ४ ऑगस्ट. ही जाहिरात आजी-आजोबांनी दिली असेल, असं दावेदार म्हणतात. ती जाहिरात नव्हतीच. आरोग्य खात्याकडे नोंदलेल्या जन्मांची यादी खातंच वर्तमानपत्रांना पुरवत असे. दोन्ही पत्रांतल्या त्या दिवसांच्या याद्या शेजारी ठेवा, तीच नावं बहुतेक त्याच क्रमाने दिसतात. घरोघरच्या लोकांनी स्वतंत्रपणे दिलेल्या जाहिरातींचा क्रम असा जुळत नाही. शिवाय या अंकांची मायक्रोफिल्म एका इमारतीत नाही, ती वेगवेगळ्या ग्रंथालयांत आहे. एका फिल्ममध्ये फेरफार केला तरी बाकीच्या फिल्म खोटेपणा उघडा पाडतील.

माझ्या मते याहूनही मोलाचा कागद आहे तो इमिग्रेशन खात्याच्या फायलीतला. ओबामांचे वडील विद्यार्थी व्हिसावर आलेले परदेशी नागरिक होते आणि होनोलुलूतलं खातं त्यांच्यावर नजर ठेवून होतं. मुदतवाढीच्या संदर्भात ३१ ऑगस्ट १९६१ ला एका अधिकाऱ्याने टिपण लिहिलं. त्यात आहे की या इसमाची पत्नी अमेरिकी नागरिक आहे, ४ ऑगस्ट १९६१ ला होनोलुलूत जन्मलेला बराक ओबामा दुसरा हा त्यांचा मुलगा आहे आणि तो आईजवळ राहतो. ही फाइल माहितीच्या अधिकाराखाली २०११ मध्ये बाहेर आली. टिपण लिहिणाऱ्याला त्या मुलाचं भलं करायचं नव्हतं. वडिलांना देशात राहू द्यायचं की नाही हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. अशा तिऱ्हाइताची, जन्मानंतर चार आठवड्यांत झालेली नोंद मिळाली की शहानिशा करणारा निर्धास्त होतो.

तिसरा कागद जकार्तातल्या शाळेचा. ओबामा लहानपणी आईबरोबर इंडोनेशियात होते आणि शाळेच्या वहीत त्यांचं नाव बॅरी सोएटोरो, नागरिकत्व इंडोनेशियाचं, धर्म इस्लाम असं लिहिलं आहे. दावेदार हा कागद मोठ्या हौसेने दाखवतात, पण त्याच नोंदीत जन्मस्थळ होनोलुलू आहे ते झाकून ठेवतात. कागद पुरावा म्हणून घ्यायचा तर सगळा घ्यायचा. नागरिकत्वाचा रकाना सावत्र वडिलांनी भरला असेल, तरी अल्पवयीन मुलाचं अमेरिकी नागरिकत्व पालकांच्या कृतीने जात नाही, हे १९३९ च्या पर्किन्स विरुद्ध एल्ग या निकालापासून ठरलेलं आहे.

‘हवाई कुणालाही दाखला देत असे’ हा आक्षेप मात्र पोकळ नाही. त्याला इतिहास आहे. चीनच्या प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांनी मार्च १९०४ मध्ये हवाई प्रदेशाकडून ‘हवाईयन जन्माचा दाखला’ मिळवला. त्यात जन्म २४ नोव्हेंबर १८७० ला हवाई बेटांवर झाल्याचं लिहिलं आहे. प्रत्यक्षात ते १८६६ साली ग्वांगडाँग प्रांतातल्या त्सुईहंग गावी जन्मले. चिनी लोकांना प्रवेशबंदी करणारा १८८२ चा अमेरिकी कायदा चुकवण्यासाठी त्यांनी तो कागद वापरला. म्हणजे हवाईचा खोटा जन्मदाखला ही गोष्ट एकदा तरी नक्की घडली आहे, आणि ती दडवण्यात अर्थ नाही. मग फरक कशात?

फरक त्या चार दिवसांत आहे. सुन यांचा दाखला दाखवलेल्या जन्मानंतर तेहतीस वर्षांनी, शपथेवर दिलेल्या माहितीवरून झाला. तो रुग्णालयाच्या कागदावरून आलेला नव्हता. उशिरा झालेली नोंद आणि वेळेत झालेली नोंद यांना जगात कुठलाही निबंधक एका तराजूत तोलत नाही. ओबामांच्या नोंदीवर रुग्णालयाचं नाव, जन्माची वेळ, प्रसूती केलेल्या डॉक्टरांची सही आणि चार दिवसांनंतरची निबंधकाची तारीख आहे. ‘हवाईयन जन्मा’च्या दाखल्याची जुनी पद्धत १९७२ मध्ये बंद झाली, तिचे दाखले एक वर्षाच्या पुढच्या वयाच्या लोकांसाठी होते, नवजात बाळांसाठी नव्हते. आणखी एक कायदा पुढे केला जातो, राज्याबाहेर जन्मलेल्या मुलांना हवाईत दाखला देणारा. तो १९८२ चा आहे. १९६१ मध्ये तो अस्तित्वातच नव्हता. कायद्याचं कलम दाखवलं की पहिल्यांदा त्याचं साल बघा.

आता विरुद्ध बाजूचे कागद. ऑगस्ट २००९ मध्ये दावेदारांच्या बाजूच्या वकील ऑर्ली टेट्झ यांनी मोम्बासाच्या कोस्ट प्रोव्हिन्स जनरल हॉस्पिटलमधला म्हणून एक केनियन दाखला न्यायालयात सादर केला. त्यावर मथळा ‘रिपब्लिक ऑफ केनिया’ आणि तारीख १७ फेब्रुवारी १९६४. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला १२ डिसेंबर १९६४ ला. मधल्या वर्षात ब्रिटनची राणीच तिथली राष्ट्रप्रमुख होती. फेब्रुवारीत छापलेल्या सरकारी कागदावर दहा महिन्यांनंतर मिळणारं नाव कसं येईल? काही दिवसांत मूळ नमुनाही सापडला: दक्षिण ऑस्ट्रेलियातला एका सामान्य माणसाचा जन्मदाखला, इंटरनेटवर ठेवलेला. मांडणी तीच, वहीचा क्रमांक ४४बी तोच आणि पानाचा क्रमांक ५७३३ सुद्धा तोच. बनावट कागद बहुतेक वेळा असाच फसतो. नावं आणि तारखा बदलताना बनवणारा काळजी घेतो. छापील मथळा, वही-पानाचे क्रमांक, त्या तारखेला राज्यव्यवस्था कोणती होती, असल्या कडेच्या गोष्टी तशाच राहून जातात. म्हणून संशयित दाखला हातात आला की मधला मजकूर नंतर वाचा, कडा आधी.

आजीची ध्वनिफीत हा दुसरा ‘पुरावा’. ऑक्टोबर २००८ मध्ये एका अमेरिकी धर्मगुरूने केनियातल्या सारा ओबामा यांच्याशी दुभाष्यामार्फत फोनवर बोलून ते रेकॉर्ड केलं. नातवाच्या जन्माच्या वेळी आपण हजर होतो, असं त्या म्हणाल्याचा तुकडा जगभर फिरला. तुकडा संपतो तिथून पुढे ऐका: धर्मगुरू पुन्हा विचारतो आणि दुभाषी एकदा नव्हे, अनेकदा स्पष्ट सांगतो की जन्म हवाईत झाला, अमेरिकेत. फिरवताना नेमका हाच भाग कापला गेला. सारा ओबामा या सख्ख्या आजीही नव्हत्या. आजोबांच्या तिसऱ्या पत्नी. दुभाष्यामार्फत झालेल्या, खराब लाइनवरच्या बोलण्यातलं एक वाक्य मूळ नोंदीसमोर ठेवायचंच नसतं, आणि अर्धं वाक्य तर नाहीच नाही.

एका साहित्यिक एजन्सीच्या १९९१ च्या पुस्तिकेत ओबामांच्या परिचयात ‘केनियात जन्मलेले’ असं छापलं होतं, हे मात्र खरं. ते २०१२ मध्ये बाहेर आलं, तेव्हा परिचय लिहिणाऱ्या बाईंनी ही आपली चूक होती, ओबामांनी तशी माहिती दिली नव्हती, असं सांगितलं. हा त्यांचा शब्द तुम्हाला पटो न पटो, पण त्या छापील ओळीचं वजन किती? जन्मानंतर तीस वर्षांनी, दुसऱ्या शहरात, नोंद न बघता लिहिलेला परिचय. नोंदवहीला तो आव्हान देऊ शकत नाही.

आता पीडीएफ. इथे घाई करू नका, कारण लोक खरोखर गोंधळतात ते इथेच.

पहिली गोष्ट, व्हिडिओतल्या फाइलवर विसंबू नका. ओबामांच्या काळातलं व्हाइट हाउसचं संकेतस्थळ अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जपून ठेवलं आहे; फाइल तिथून घ्या. तिचे गुणधर्म उघडा: ती मॅक संगणकावरच्या ‘प्रिव्ह्यू’ प्रोग्रामातून, २७ एप्रिल २०११ लाच जतन केलेली दिसते. याचा अर्थ स्कॅनरने बनवलेली फाइल कुणीतरी प्रिव्ह्यूत उघडली आणि पुन्हा साठवली. असं केलं की स्कॅनरचं नाव पुसलं जातं. ते नाव नसणं संशयास्पद नाही. प्रिव्ह्यू नेहमीच तसं करतो.

मग फाइलमधल्या प्रतिमा वेगळ्या काढा. ‘पीडीएफइमेजेस’ नावाचं मोफत साधन हे काम करतं. एकूण नऊ प्रतिमा निघतात: एक रंगीत, जेपेग प्रकारची, इंचाला १५० ठिपके इतक्या कमी बारकाव्याची, हिरव्या नक्षीच्या कागदाची, आणि आठ एकरंगी, इंचाला ३०० ठिपक्यांच्या, ज्यांत टंकलिखित अक्षरं, रेषा, शिक्के आहेत. कार्यालयातली मोठी बहुउपयोगी यंत्रं फाइल लहान करण्यासाठी नेमकं हेच करतात. पानावर जे काळं, ठळक आणि अक्षरासारखं दिसेल ते यंत्र वेगळं काढून एकरंगी साठवतं, कारण एकरंगी चित्राला फार कमी जागा लागते. उरलेली पार्श्वभूमी पुसट रंगीत चित्र म्हणून ठेवतं. रंगीत पान अर्ध्या एमबीच्या आत बसतं ते यामुळे. अक्षरांभोवती दिसणारी पांढरी कड हीसुद्धा याच विभागणीची खूण.

आता हे थर माणसाने पाडले की यंत्राने, ते ठरवायचं कसं? प्रत्येक थरात काय आलं आहे ते बघा. ‘बराक’ या नावातलं इंग्रजी ‘आर’ हे अक्षर पार्श्वभूमीच्या चित्रात राहिलं आहे आणि बाकीची अक्षरं एकरंगी थरात गेली आहेत. दाखल्याच्या क्रमांकातल्या १०६४१ या आकड्यांपैकी शेवटचा १ मागे राहिला आहे. आईच्या सहीचा काही भाग एका थरात, काही दुसऱ्यात. नाव जुळवणारा माणूस सहा अक्षरांचं नाव टंकून त्यातलं एकच अक्षर खालच्या थरावर का ठेवेल? त्याला थर करायचे असते तर एक नावाचा, एक तारखेचा, एक सहीचा असे अर्थाने केले असते. आणि शेवटी सगळे थर एक करून फाइल साठवली असती, कारण ते काम एका आज्ञेचं आहे. अर्थाशी काहीच संबंध नसलेली, फक्त शाईच्या गडदपणावर आणि ठिपक्यांच्या जवळिकीवर झालेली विभागणी यंत्राचीच असते.

काही अक्षरं ठिपक्यागणिक हुबेहूब सारखी आहेत, हाही आक्षेप घेतला जातो: टंकलेखन यंत्रावर दोन ‘ए’ इतके सारखे उमटणार नाहीत, म्हणजे चिकटवलेले. जेबिग-२ नावाची कॉम्प्रेशनची पद्धत एकसारखी दिसणारी अक्षरं शोधते, एकाचा साचा साठवते आणि बाकी ठिकाणी तोच साचा छापते. २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं याच कारणाने स्कॅन करताना आकडे बदलून टाकत होती, ६ च्या जागी ८ वगैरे. अकाउंट्स किंवा बांधकामाच्या नकाशांसाठी स्कॅन वापरणाऱ्यांनी ही गोष्ट ओबामांचा विषय बाजूला ठेवूनही लक्षात ठेवावी.

शेवटची पायरी तुलनेची. त्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये. जुना टंकलिखित कागद नक्षीच्या कागदावर झेरॉक्स करा, मोठ्या यंत्रावर ‘हाय कॉम्प्रेशन’ किंवा लहान फाइलचा पर्याय निवडून रंगीत स्कॅन करा, प्रिव्ह्यूत उघडून पुन्हा साठवा आणि मग इलस्ट्रेटर या, थर वेगळे करून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा. २०१३ मध्ये एका हौशी अभ्यासकाने झेरॉक्सच्या वर्कसेंटर ७६५५ या यंत्रावर हा प्रयोग केला आणि व्हाइट हाउसच्या फाइलमधली वैशिष्ट्यं एकामागून एक तशीच मिळाली. निर्विवाद अस्सल कागद स्कॅन करूनही जी खूण उमटते ती बनावटीची खूण असू शकत नाही. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर थर पडतील, पण तेवढेच आणि तसेच पडतीलच असं नाही, कारण प्रत्येक कंपनीची विभागणीची रीत वेगळी. घरच्या साध्या स्कॅनरवर ‘माझ्याकडे थर आले नाहीत’ म्हणणारे इथे चुकतात.

पानाच्या डाव्या कडेला अक्षरं वाकलेली दिसतात, त्याचं कारण साधं आहे: मूळ पान बांधलेल्या जाड वहीत आहे, आणि वही काचेवर उघडी ठेवली की शिवणीकडचा भाग वर उचलला जातो. आणि पीडीएफ हा काही एकमेव अवतार नाही. त्याच दिवशी एनबीसीच्या पत्रकार सव्हाना गथ्री यांनी प्रमाणित प्रत हातात घेऊन उठावाचा शिक्का बोटांनी चाचपला आणि फोटो काढले. असोसिएटेड प्रेसने स्वतंत्रपणे केलेल्या प्रतिमेत तर थर नाहीतच.

छोटे आक्षेप भराभर. वडिलांचा वंश ‘आफ्रिकन’ लिहिला आहे, तो शब्द तेव्हा चालत नव्हता म्हणतात. हा रकाना पालकांनी सांगितलेल्या शब्दांत भरला जाई, आणि केनियातून आलेला माणूस स्वतःला आफ्रिकनच म्हणणार. १९६१ मध्ये ‘केनिया’ नव्हतं, हे चूक. केनिया वसाहत हे नाव १९२० पासून आहे. रुग्णालयाचं नाव वेगळं होतं, हेही चूक. आजचं लांबलचक नाव १९७८ च्या विलीनीकरणानंतरचं. एक दिवस नंतर जन्मलेल्या जुळ्यांच्या दाखल्यांचे क्रमांक ओबामांच्या आधीचे आहेत, हे मात्र बरोबर. पण क्रमांक बाळाच्या जन्माबरोबर पडत नाही. कागद कार्यालयात जमा झाल्यावर गठ्ठ्याने शिक्के मारले जातात, त्यामुळे क्रमांकांवरून जन्मांचा क्रम लावता येत नाही.

‘न्यायालयांनी पुरावा बघितलाच नाही’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करावं. ओबामांच्या पात्रतेला आव्हान देणारा वकील फिलिप बर्ग यांचा पहिला मोठा दावा २४ ऑक्टोबर २००८ ला न्यायाधीश सरिक यांनी फेटाळला तो दावा करण्याचा अधिकार नाही म्हणून. सामान्य मतदाराला स्वतःची वेगळी हानी दाखवता आली नाही. पुढचे बहुतेक दावे असेच गेले. पण गुणदोषांवरही निर्णय झाला आहे. जॉर्जियात जानेवारी २०१२ मध्ये प्रशासकीय न्यायाधीश मायकेल मलीही यांच्यासमोर सुनावणी झाली. ओबामांचे वकील हजरच राहिले नाहीत, मैदान दावेदारांना मोकळं होतं, तरी त्यांच्या साक्षी-पुराव्यांना किंमत नाही असं ठरवून न्यायाधीशांनी ओबामांच्या बाजूने निर्णय दिला. या दाव्याची किंमतही लोकांनी मोजली आहे: टेट्झ यांना निरर्थक अर्जांसाठी २००९ मध्ये २०,००० डॉलर दंड झाला आणि ‘राष्ट्राध्यक्ष वैध नाही’ म्हणून अफगाणिस्तानला जायला नकार देणारे लष्करी डॉक्टर टेरेन्स लेकिन यांना डिसेंबर २०१० मध्ये सहा महिन्यांची कैद झाली, नोकरीही गेली.

दावा खोडणाऱ्यांच्याही चुका झाल्या आणि त्यांचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्या टाळता आल्या असत्या. २००८ मध्ये अनेकांनी आखूड नकलेला ‘मूळ दाखला’ म्हटलं. लांब नक्कल आल्यावर ‘मग आधी खोटं का बोललात’ हा सवाल आला. २०११ च्या सुरुवातीला हवाईचे नवे गव्हर्नर नील अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी नोंद शोधून वाद मिटवतो असं सांगितलं, मग गोपनीयतेच्या कायद्याने ती उघड करता येत नाही म्हणून माघार घेतली. लगेच ‘नोंद सापडली नाही’ अशी बातमी झाली. आणि २०११ मध्ये थरांचं स्पष्टीकरण म्हणून काहींनी ‘मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर वापरलं’ असं ठोकून दिलं. फाइलमध्ये शोधता येणारा मजकूरच नाही, त्यामुळे ते स्पष्टीकरण सहज खोटं ठरलं. बरोबर निष्कर्षाला चुकीचं कारण दिलं की समोरचा ते कारण पाडतो आणि निष्कर्षही पाडल्याचं सांगतो. माहीत नसेल तिथे थांबा.

लांब नकलेने काही फरक पडला का? पडला. गॅलपच्या पाहणीत ‘जन्म परदेशात झाला असावा’ म्हणणारे एप्रिल २०११ मध्ये २४ टक्के होते, मे मध्ये १३ टक्के झाले. म्हणजे पुरावा दाखवणं व्यर्थ नसतं. निम्मे लोक ऐकतात. हा प्रश्न २०११ मध्ये सर्वांत जोरात लावून धरणारे डोनाल्ड ट्रम्प यांनीही १६ सप्टेंबर २०१६ ला ओबामा अमेरिकेतच जन्मल्याचं जाहीरपणे सांगितलं.

व्हिडिओ पाठवणाऱ्याला उत्तर लिहायचं तर थरांवर वाद घालू नका, तीन प्रश्न विचारा आणि त्यांच्यासोबत कागद जोडा. हवाईच्या निबंधकाने अ‍ॅरिझोनाला २०१२ मध्ये लेखी दिलेली पडताळणी खोटी कशी? १३ आणि १४ ऑगस्ट १९६१ च्या अंकांत ते नाव कुणी आणि कसं घातलं? आणि ३१ ऑगस्ट १९६१ ला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने होनोलुलू का लिहिलं? पडताळणीचं पत्र, दोन्ही अंकांच्या पानांच्या प्रतिमा आणि ते टिपण, तिन्ही इंटरनेटवर मिळतात. प्रतिमा पाठवताना संपूर्ण पान पाठवा, वरच्या तारखेसकट. फक्त नावाची ओळ कापून पाठवली, तर तुम्हीही आजीच्या ध्वनिफितीसारखा एक तुकडाच फिरवाल.